कणगीतून लवकर काढलेलं खोड

सात वर्षं ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर आलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मैत्रिणींना नाही, आईला नाही — आईला कदाचित सांगायची गरजच नव्हती, पण ते पुढे. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच बहुतेक जमेल.

आणि तरी बघा, पटकन सांगून मोकळं व्हायचं सोडून मी आधी स्वतःची ओळख करून देणार आहे. सवय आहे. मी आशागडची. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट — बीएस्सी, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. कुणी विचारलं नाही तरी सांगते. का सांगू नये? डहाणूला कॉलेजात जायला तीन वर्षं सायकल मारली आहे. प्रॅक्टिकलचा पांढरा कोट एकच होता, तो एक दिवसाआड धुतला आहे. ती डिग्री मला कुणी दिलेली नाही, मी मिळवली आहे.

माझे वडील — आप्पा — सुतार. दारं, चौकटी, पलंग, देव्हारे, सगळं करायचे. पण नाव होतं ते ढोलकीच्या खोडासाठी. खोड म्हणजे ढोलकीचं लाकडी अंग. चामड्याच्या पुड्या चढवण्याआधीचं, दोन्ही तोंडं उघडी असलेलं पोकळ लाकूड. डहाणू-तलासरीकडच्या कितीतरी भजनी मंडळांत आप्पांचं खोड आजही वाजतं. त्यातलं एकही फिरलेलं नाही. म्हणजे — एक सोडून. त्या एकाचंच सांगायचं आहे.

लाकूड फिरतं म्हणजे काय, ते आधी सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. ओलं लाकूड सुकताना आकसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. एका अंगाने जास्त, दुसऱ्या अंगाने कमी. मग कोरताना गोल असलेलं तोंड हळूहळू लांबुळकं होतं, अंड्यासारखं. तोंड गोल राहिलं नाही की पुडीचं कडं नीट बसत नाही, आणि दोरी कितीही ओढा, ढोलकी सुरात राहत नाही. हे टाळायचं तर लाकडाला सावकाश सुकू द्यावं लागतं. आतून-बाहेरून एकाच चालीने.

आप्पांची त्याची एक रीत होती. शिवणीच्या झाडाचा ओंडका आणायचा, दोन्ही टोकांना शेणमातीचा जाड लेप द्यायचा, म्हणजे टोकं आधी सुकून चिरत नाहीत. मग तो जाड ठेवून अर्धवट कोरायचा, पोकळीत भाताचं तूस ठासून भरायचं आणि अख्खं खोड कणगीत, तुसातच पुरून टाकायचं. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली, भात साठवायची उभी मोठी टोपली. आमच्या पडवीत तीन होत्या. दोन भाताच्या, एक खोडांची. आणि नियम असा की एक अख्खा पावसाळा कणगीत काढल्याशिवाय खोडाला बाहेरचा वारा लागू द्यायचा नाही. दिवाळी झाली की आप्पा ते उपसून काढायचे, बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे. "सुकं बोलतंय" म्हणाले की पुढचं काम. "अजून ओलं बोलतंय" म्हणाले की परत तुसात. गिऱ्हाइकाने कितीही बोंब मारली तरी परत तुसात.

मला याची चीड यायची. काय शास्त्र आहे का हे? लाकूड बोलतं म्हणे! मी नोकरीसाठी चार वेगवेगळ्या परीक्षा देऊन बसले होते, एकीचाही निकाल माझ्या बाजूने लागला नव्हता. घरी बसून मोबाइलवर आप्पांच्या खोडांचे फोटो टाकायचे, ऑर्डरी घ्यायच्या, आणि प्रत्येकाला तेच सांगायचं — दिवाळीनंतर, दिवाळीनंतर. ज्याला त्याला पुढच्या महिन्यात पाहिजे. मी केमिस्ट्री शिकलेली, आणि मी लोकांना काय सांगतेय, तर आमचं लाकूड अजून टोपलीत झोपलंय?

मग मी एक यंत्र मागवलं. लाकडातला ओलावा मोजायचं. हातात मावेल एवढं, पुढे दोन टोकदार सुया. सुया लाकडात दाबल्या की पडद्यावर आकडा येतो. बाराच्या खाली आला की लाकूड तयार. आप्पांनी ते उलटसुलट करून बघितलं, स्वतःच्या पलंगावर टोचून बघितलं, दाराला टोचून बघितलं, आणि खूश झाले. खरंच खूश झाले. शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. "पोरीनं आणलंय. लाकडाचा ताप बघतं हे."

हे आठवलं की मला अजून स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

आता हिरामावशी. आगर गावच्या. डहाणूच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायच्या, आणि त्यांच्या पाड्यावरच्या बायकांचं भजनी मंडळ त्याच चालवायच्या. त्यांची जुनी ढोलकी उंदरांनी खाल्ली होती. एकदा सोडे घ्यायला मी बाजारात गेले, तर मला बघून त्यांनी सगळ्या बायांसमोर आवाज लावला —

"काय गो, बीएस्सी झालीस ना? मग अजून बापाचं तूस उपसत काय बसलीस?"

बाया हसल्या. सरळ मनाने हसल्या, त्यात काही वाकडं नव्हतं. पण मला लागलं. चार परीक्षांचं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "मावशी, गणपतीच्या आधी तुमच्या मंडळात नवी ढोलकी वाजते की नाही बघा."

"गणपतीच्या आधी? तुझा बाप दिवाळीशिवाय हात नाय लावीत. मी काय त्याला आज ओळखते?"

"आप्पा जुने झाले, मावशी. आता मशीन आहे."

झालं. बोलून बसले. एवढ्याशा गोष्टीने. कुणी मला भाग पाडलं नव्हतं, कुणी पैज लावली नव्हती. बोंबलाच्या टोपल्यांमध्ये उभी राहून मी माझी हुशारी दाखवली, आणि मग ती खरी करून दाखवणं आलं.

कणगीत त्या वेळी एकच खोड त्या मापाचं होतं. तलासरीकडे मामाच्या बांधावरची शिवण रस्ता रुंद करताना पाडली होती, तिचं. थंडीत पाडलेलं झाड, शिमग्याच्या सुमारास अर्धवट कोरून तुसात ठेवलेलं. म्हणजे पुरे तीन महिनेही झाले नव्हते. वैशाखात आप्पा भाचीच्या लग्नाला तलासरीला गेले, चार दिवस. पहिल्या दिवशी सकाळीच मी खोड बाहेर काढलं आणि पडवीच्या पत्र्यावर चढवलं. उन्हात. पत्रा असा तापायचा की पाय ठेवता यायचा नाही. आतलं तूस मी काढलं नाही — का काढलं नाही? कारण मला माहीत होतं, आतूनही एकदम सुकलं तर तडा जाईल, आणि तडा आप्पांना दिसेल. बघा, विचार केला होता मी. नीट, शास्त्रशुद्ध विचार केला होता.

आई पत्र्यावर पापड घालायला आली. खोड बघितलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "जरा सरकव ते. मला जागा दे." बस, तेवढंच. तिला कळलं होतं का? सुताराच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला कळलं नसेल? मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. पापड मात्र त्या वर्षी लवकर वाळले.

चौथ्या दिवशी मी खोड खाली घेतलं. बाहेरून सुया टोचल्या — अकरा. मग तूस काढलं, हात आत घालून आतल्या भिंतीला टोचल्या. एकवीस. दुसऱ्या जागी टोचल्या. एकवीस. तिसऱ्या जागी वीस. मी पडद्याकडे बघत बसले. मग यंत्रच बंद केलं, जसं काही बंद केलं की आकडा नाहीसा होतो.

आप्पा लग्नाहून आले. नवं धोतर अजून अंगावर. खोड बाहेर बघून दचकले. मी काही बोलायच्या आत त्यांनी पेराने ठोकलं, कान लावला.

"ओलं बोलतंय हे."

मी यंत्र बाहेरून टोचलं आणि त्यांच्यासमोर धरलं. इंची टेपवरचे आकडे त्यांना चांगले कळतात. अकरा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. कपाळाला आठी पडली. परत ठोकलं. परत कान लावला. मग विचारलं —

"आतून बघितलंस?"

मी म्हटलं, "बघितलं. आतूनही तेवढंच."

हेच ते. एवढंच. सहज, आवाज न बदलता. यंत्र माझ्या हातात होतं. त्यांनी ते मागितलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. पण ते मागणार नाहीत हे मला ठाऊक होतं. का ठाऊक होतं? कारण त्यांनी मला शिकवलं होतं, कॉलेजात घातलं होतं, आणि शिकलेल्या मुलीने सांगितल्यावर खात्री करायची नसते असं त्यांना वाटायचं. माझ्या डिग्रीचा मी तिथे असा उपयोग केला.

ते म्हणाले, "मग माझा कानच गेला म्हणायचा." हसले. मीही हसले.

दोन दिवसांनी कोरायला बसले. आतून पहिला छिलका निघाला, त्यांनी सवयीने दातात धरला. "अगं, गार लागतोय." मी म्हटलं, आप्पा, समुद्र जवळ आहे, हवाच दमट आहे. त्यांनी छिलका फेकून दिला आणि पटाशी पुढे चालवली. इतक्या वेळा त्या माणसाने मला दार उघडून दिलं, आणि मी प्रत्येक वेळी ते लावून घेतलं. आता मला त्यांचाही राग येतो. येऊ नये, पण येतो. का ऐकलंत माझं? चाळीस वर्षांचा तुमचा कान, आणि एका पडद्यावरच्या आकड्यापुढे तुम्ही वाकलात? — आणि मग आठवतं की ते आकड्यापुढे वाकले नव्हते. माझ्यापुढे वाकले होते.

गणपतीत ढोलकी वाजली. काय वाजली! पावसाळी हवा, लाकडाला सुकायची घाई नव्हती. हिरामावशींनी बाजारात माझं नाव 'मशीनवाली' पाडलं. मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

दसऱ्यानंतर ऊन तापलं. आणि एका सकाळी हिरामावशी ढोलकी पदरात गुंडाळून, रिक्षाने, थेट आमच्या पडवीत.

"आप्पा, हिला बघा काय झालंय. गणपतीत वाघीण होती, आता पडसं झालेल्या सासूसारखी बोलते."

आप्पांनी दोऱ्या सोडल्या, पुड्या उतरवल्या. नारळाच्या झावळीचा एक हीर घेतला, तोंडाच्या मापाचा बरोबर तोडला आणि तोंडावर आडवा ठेवून गोल फिरवायला लागले. एका अंगाला हीर अडकून वाकला. पाव फेरा फिरवला तर सुटून आत पडला. त्यांनी तो काढला, परत ठेवला, परत फिरवला. परत पडला. असं किती वेळा केलं असेल? मी मोजलं नाही.   आप्पांच्या आयुष्यातलं पहिलं फिरलेलं खोड होतं ते.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशय नव्हता हो त्यात. संशय असता तर मी कबूल केलं असतं — असं मी स्वतःला सांगत आले आहे, पण कशावरून? ते नुसतं विचारत होते, शिकलेल्या माणसाला विचारतात तसं.

"मशीन तर सुकं म्हणालं होतं. मग झालं कशानं?"

मला कारण माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर आकृती काढून लिहिलं असतं. बाहेर अकरा, आत एकवीस. आतलं नंतर सुकलं, आकसलं, तोंड ओढलं गेलं. सरळ आहे. आणि मी काय म्हणाले?

"भिंत कमी-जास्त कोरली गेली असेल, आप्पा. एका बाजूला पातळ. हल्ली हात कापतो ना तुमचा."

हात कापत नव्हता. तुम्हाला मी हे ठासून सांगते, कारण त्या पडवीत मी सांगितलं नाही. आप्पांचा हात कापत नव्हता. त्या खोडाची भिंत मी नंतर, एकटी असताना मोजली. सगळीकडे सारखी होती. कागदाएवढाही फरक नव्हता.

त्यांनी स्वतःचा उजवा हात वर उचलला, बोटं पसरून समोर धरला. बघत राहिले. आणि — हे बघा, हे लिहिणं मला जड जातंय — त्या वेळी तो हात कापायला लागला. कुणाचा कापणार नाही? कुणालाही सांगा, तुझा हात कापतोय, आणि मग त्याला तो समोर धरायला सांगा.

हिरामावशी बिचाऱ्या सांत्वन करायला गेल्या. "वय झालं आप्पा, चालायचंच. माझे डोळे नाय का गेले? काल करंदीच जवळा म्हणून विकली मी."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मावशे, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझं झालं."

मला वाटलं, चार दिवस. मग परत बसतील. नाही बसले. कणगीत आणखी तीन खोडं होती, त्यांच्या नियमाप्रमाणे पूर्ण पावसाळा काढलेली, तयार. त्यांनी ती उपसून माझ्यासमोर ठेवली. "कुणाला तरी दे. माझ्या हातून बिघडतील." ठोकूनही बघितलं नाही. कान लावला नाही. तेव्हापासून आजतागायत त्या माणसाने एकाही लाकडाला कान लावलेला नाही. तेव्हा ते साठीचेही नव्हते. आता कोयत्यांना मुठी बसवतात, लाटणी करतात. लाटणंसुद्धा झालं की मला दाखवतात — सरळ आहे ना गं, बघ जरा.

आणि मी? माझं छान चाललंय. सासर मसोलीला, पण रोज आशागडला येते. पडवीच्या जागी शेड आहे, तलासरीकडचे दोन कारागीर कामाला आहेत. आम्ही खोडं शेणमातीने लिंपतो, तूस भरतो, कणगीत पुरतो आणि एक पूर्ण पावसाळा हात लावत नाही. आप्पांचा नियम, जसाच्या तसा. मी फक्त त्याचा तक्ता करून भिंतीवर लावलाय, दर महिन्याचा आकडा लिहायला. आतून आणि बाहेरून, दोन वेगळे रकाने. बघायला येणारे त्या दोन रकान्यांचं फार कौतुक करतात. म्हणतात, ही खरी शास्त्रीय नजर!

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, परंपरेला विज्ञानाची जोड वगैरे भाषणं. आप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. खाली उतरून मी त्यांच्याजवळ आले तर ते शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगत होते, "मी कुठला, हो! माझा हात गेला होता आणि मला कळलंच नव्हतं. या पोरीनं मला वेळेत थांबवलं. नाहीतर आणखी चार खोडं नासवली असती."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून म्हटलं, भाग्यवान आहात. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, थँक्यू.

दोन वाक्यं आहेत. आतून मी बघितलं होतं, एकवीस होतं. तुमचा हात कापत नव्हता. मोजली तर बारा शब्दही होत नाहीत. ती वाक्यं आप्पांसमोर बोलायला सात वर्षांत मला एक मिनिट मिळालेलं नाही, आणि हे लिहायला मी तीन सकाळी काढल्या आहेत. तुमच्यासाठी. कारण हे छापून आलं तरी आप्पा ते वाचणार नाहीत. त्यांना आकडे कळतात, अक्षरं येत नाहीत. हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.

आत्ता ते शेडच्या दारात बसलेत, मांडीत कोयता, बाजूला मुठींचा ढीग. मघाशी मान वर करून त्यांनी विचारलं, "एवढं काय लिहितेस गं सकाळपासून?"

मी म्हटलं, "ऑर्डरी."